एक कॉम्प्युटर आणि चौघांचे हात: ऑफिसातली रोजची कटकट कशी मिटवायची?



आजचा विषय तलावावरचा नाही, ऑफिसातल्या टेबलावरचा आहे. चांदनी, नेपानगर, बुऱ्हाणपूर हा आपला पट्टा घ्या, नाहीतर तापीच्या खालच्या अंगाला रावेर-भुसावळकडे जा. मच्छीमार संस्थेचं ऑफिस म्हटलं की एक खोली, दोन कपाटं, एक प्रिंटर आणि एकच कॉम्प्युटर. त्यावर सचिव बसतात, हिशेब लिहिणारा बसतो, बीज-खाद्याचा साठा बघणारा बसतो. मधूनच कोणाचा तरी मुलगा "पाच मिनिटं, एक फॉर्म भरायचाय" म्हणत बसतो आणि तासाभरानं उठतो. सगळे आपलेच. तरी महिन्यातून दोनदा त्या खुर्चीवरून वाद होतोच.

हे वाद किरकोळ वाटतात. पण त्यातले काही थेट सभासदाच्या पैशापर्यंत पोहोचतात. कोणती कटकट हसून सोडून द्यायची आणि कोणती आजच मिटवायची, हे कळावं म्हणून ही पोस्ट जरा लांब लिहिली आहे. सवडीनं वाचा आणि ऑफिसात जो कॉम्प्युटरवर बसतो त्यालाही वाचायला द्या.

आधी रोजच्या कटकटी

१) भाषेचं बटण. आपल्याकडे सरकारी कागद हिंदीत आणि संस्थेचं इतिवृत्त मराठीत, त्यामुळे हा घोळ जास्तच. एकाला हिंदी रेमिंग्टन कीबोर्ड येतो, दुसऱ्याला इनस्क्रिप्ट, तिसरा इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवतो. एकानं आपल्या सोयीनं बदललं की दुसऱ्याचा अर्धा तास गेला. त्यात कोणी कृतिदेव फॉन्टमध्ये यादी टाइप केलेली असली आणि ती दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडली, तर सभासदांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

२) फायलींची नावं. "यादी", "नवी यादी", "यादी फायनल", "यादी फायनल २", "यादी खरी फायनल". यातली खरी कोणती, ते जिनं बनवली तिलाच माहीत. आणि ती ताई नेमकी त्या दिवशी रजेवर.

३) दुसऱ्याचं अर्धवट काम बंद करणं. एकजण चहाला उठला, दुसऱ्यानं येऊन "सेव्ह करायचं का?" या प्रश्नाला "नाही" म्हटलं. दोन तासांची मेहनत गेली.

४) उघडं राहिलेलं वॉट्सॲप. घरचा निरोप ऑफिसात सगळ्यांनी वाचला. वर कोणीतरी त्यावर अंगठाही दाबला.

५) पेन ड्राइव्ह. बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेन ड्राइव्ह व्हायरस घेऊन येतो आणि मग सगळ्यांचंच काम अडतं.

६) पासवर्ड आणि ओटीपी. पासवर्ड एकानं बदलला आणि सांगायला विसरला. ओटीपी सचिवांच्या मोबाइलवर येतो आणि सचिव तलावावर, जिथं रेंज नाही.

७) बाकी किरकोळ: ओल्या हातांनी कीबोर्ड, प्रिंटरमध्ये अडकलेले दुसऱ्याचे कागद, हलवून ठेवलेला माउस, वाढवून ठेवलेला आवाज, यूपीएसच्या प्लगवर लावलेली चहाची किटली.

सातवा नंबर हसून सोडून द्या. तो प्रत्येक ऑफिसात आहे आणि राहणार. पहिले सहा मात्र एकाच दुखण्याच्या फांद्या आहेत.

मूळ दुखणं: नोंद कोणाची, ते कळत नाही

कागदाशी आपलं नातं जुनं. शेजारच्या नेपानगरची वर्तमानपत्री कागदाची गिरणी १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केली. या भागातली कितीतरी घरं त्या गिरणीवर उभी राहिली. कागदाच्या रजिस्टराचा एक गुण आपण कधी बोलून दाखवला नाही, कारण तो आपोआप मिळत होता. रोजकीर्द असो, खतावणी असो की सभासदांची नोंदवही, वही एकच असायची आणि लिहिणारे चौघं. पण अक्षर ज्याचं त्याचं. पान उघडलं की जुना माणूस सांगायचा, "ही तात्यांची नोंद, हे खोडलंय ते भाऊंनी, आणि ही आकडेमोड पेन्सिलीनं नंतर कोणीतरी केलीय." खाडाखोड लपत नव्हती.

कॉम्प्युटरवर सगळ्यांचं अक्षर सारखंच. चौघंजण एकाच नावानं आणि एकाच पासवर्डनं आत जात असतील, तर नोंद कोणी केली, कोणी बदलली, कोणी पुसली, हे ओळखायला काही उरत नाही. वही सामाईक होती, पण अक्षर आपापलं होतं. कॉम्प्युटर सामाईक केला आणि त्यासोबत अक्षरही सामाईक करून बसलो, खरी अडचण इथंच आहे.

सामाईक वस्तू कशी वापरायची हे मच्छीमाराला कोणी शिकवायला नको. तलाव सामाईक, नाव सामाईक, कित्येकदा जाळंही सामाईक. पण मासळी काट्यावर चढली की वजन कोणाच्या नावावर लिहायचं यात आपण चूक होऊ देत नाही. तिथं "आपलेच आहेत, कोणाच्याही नावावर टाका" असं कोणी म्हणत नाही. कॉम्प्युटरलाही हाच नियम लावायचा आहे. यंत्र सगळ्यांचं, नोंद मात्र एकेकाची.

हा प्रश्न साठ वर्षांपूर्वीचा

ही अडचण फक्त आपल्यासारख्या छोट्या ऑफिसांची आहे असं समजू नका. पूर्वी कॉम्प्युटर इतका महाग आणि मोठा असायचा की तो वाटूनच वापरावा लागे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० नावाचा मोठा कॉम्प्युटर आला. त्यावर दुसऱ्या संस्थांचे लोकही काम करून घ्यायचे. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. एका कार्डात चूक सापडली की गठ्ठा परत आणि पुन्हा रांग.

त्याच काळात अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती काढली. एकाच कॉम्प्युटरवर अनेकांनी एकाच वेळी बसायचं. १९६१ साली त्यांनी हे करून दाखवलं. पण अनेकजण बसणार म्हटल्यावर प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवाव्या लागल्या, म्हणून प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला. कॉम्प्युटरचा पासवर्ड आला तो असा, एकाच यंत्रावर बसणाऱ्या सहकाऱ्यांचं काम एकमेकांत मिसळू नये म्हणून.

भांडणंही लगेच सुरू झाली. तिथल्या ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला आठवड्याला चार तासच मिळायचे आणि ते त्याला पुरत नव्हते. १९६२ साली त्यानं सगळ्यांच्या पासवर्डची फाइल छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम करू लागला. म्हणजे दुसऱ्याच्या नावानं बसायची खोड पासवर्डइतकीच जुनी आहे.

पुढचा किस्सा आपल्या "यादी फायनल"वाल्यांनी नीट ऐकावा. १९६६ साली त्याच कॉम्प्युटरवर एक दिवस जो कोणी आत जाई त्याला पडद्यावर सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. चोरी झाली नव्हती. दोन जबाबदार माणसं एकाच वेळी दोन वेगळ्या फायली दुरुस्त करत होती. एकाकडे रोजच्या सूचनेची फाइल, दुसऱ्याकडे पासवर्डची. दुरुस्ती करताना कॉम्प्युटर दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल बनवत होता. त्यात अदलाबदल झाली आणि सूचनेच्या जागी पासवर्ड जाऊन बसले. दोन माणसं, दोन कामं आणि फाइलीचं नाव एकच, एवढ्यावरून एमआयटीत हा गोंधळ झाला. आपल्याकडे "यादी" नावाची फाइल एकानं दुसऱ्याच्या फाइलीवर सेव्ह केली, की अगदी तेच होतं.

वारणेनं काय शिकवलं

सहकारातलं उदाहरण हवं असेल तर कोल्हापूरकडे बघा. वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. केंद्र सरकार, महाराष्ट्र सरकार आणि वारणेच्या संस्था, तिघांनी मिळून कोल्हापूर-सांगलीच्या सीमेवरच्या सुमारे ७० गावांसाठी कॉम्प्युटर केंद्रं उभी केली. वारणा वायर्ड व्हिलेज नावानं तो देशभर गाजला. एका केंद्रावर एक कॉम्प्युटर, त्यावर एक माणूस आणि समोर गावातले ऊसउत्पादक सभासद. कल्पना मोठी होती. शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी माहिती, सगळं गावातच मिळावं.

काही वर्षांनी अभ्यासक जाऊन बघतात तो काय, कॉम्प्युटर चालू होते, पण काम ठरावीकच होत होतं. उसाची नोंद, तोडीची पाळी, उसाचं वजन, खताची उचल. सभासदाला खरी गरज तेवढ्याचीच होती. आणि तेवढ्यासाठी जुने झालेले कॉम्प्युटर, वीज आणि दुरुस्ती सांभाळत बसावं लागत होतं. मग २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी काही गावांत कॉम्प्युटरऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस लावून बघितला. खताचा हिशेब, उसाचं वजन, हे सगळं एसएमएसवर कळू लागलं. काम झालं आणि खर्चही कमी झाला.

यात आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. एक, सामाईक कॉम्प्युटरवर कोणती कामं करायची हे मोजून ठरवलं तर तो टिकतो. "सगळ्यांनी सगळं करावं" म्हटलं की धड कोणाचंच होत नाही. दुसरी, प्रत्येक काम कॉम्प्युटरवरच व्हायला पाहिजे असं नाही. आपल्या ऑफिसात अर्धी गर्दी "माझं बिल निघालं का?", "माझं नाव यादीत आहे का?" एवढं विचारणाऱ्यांची असते. प्रत्येक वेळी बसलेल्याला उठवून यादी उघडायची, म्हणजे त्याचंही काम मोडतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा यादी छापून भिंतीवर लावा. बिल निघालं की सभासदाच्या मोबाइलवर निरोप टाका. खुर्चीवरची निम्मी भांडणं तिथंच मिटतील.

सभासदाचं काय पणाला लागतं?

कोणी म्हणेल, छोट्याशा संस्थेत एवढं कशाला? म्हणून थोडे आकडे बघू.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमाराचा गट अपघात विमा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर २५ हजारांपर्यंत. मच्छीमाराला हप्ता भरावा लागत नाही, तो सरकार भरतं. त्यासाठी नाव मात्र यादीत लागतं.

याच योजनेत मासेमारी बंद असलेल्या काळासाठी मदत आहे. सभासदाचे १,५०० आणि सरकारचे ३,०००, मिळून ४,५०० रुपये. आपल्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत हे पैसे घराला किती लागतात, ते घरच्या माउलीला विचारा.

शिवाय ११ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राचं राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल व्यासपीठ सुरू झालं आहे. मच्छीमाराची ओळख, कर्ज, विमा, सगळं हळूहळू त्याच नोंदीला जोडलं जात आहे.

आता समजा, एक सभासद आधार, समग्र आयडी आणि बँकेचं पासबुक घेऊन ऑफिसात आला. दुपारी एकानं त्याची नोंद केली. संध्याकाळी दुसऱ्यानं जुनी "यादी फायनल" उघडली आणि तीच पुढे पाठवून दिली. नाव गळलं. नाहीतर खातं क्रमांकातला एक आकडा इकडचा तिकडे झाला. चार महिन्यांनी सभासद विचारायला येतो. सगळे म्हणतात, "मी नाही केलं." आणि ते सगळे खरंही बोलत असतील, कारण ज्याच्या हातून झालं त्याला स्वतःलाही ते कळलेलं नसतं.

अशा वेळी बोट कोणाकडे वळतं? बहुतेक ऑफिसांत ज्याचा पगार सगळ्यात कमी, त्याच्याकडे. टायपिंग करणारी मुलगी, नाहीतर नवीन लागलेला पोरगा. चूक त्याची नसली तरी ते सिद्ध करायला त्याच्याकडे काही नसतं. म्हणून वेगळा लॉगिन मागणं म्हणजे सहकाऱ्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. तो सगळ्यात आधी निर्दोष माणसाच्या कामी येतो. "विश्वास नाही का आमच्यावर?" असं कोणी विचारलं, तर हेच उत्तर द्या.

मग करायचं काय? आठ कामं, दोन दिवसांत होतील अशी

१) प्रत्येकाचं वेगळं खातं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये "अकाउंट्स" आहे, तिथं दुसरे वापरणारे जोडता येतात. ई-मेल नसला तरी खातं बनतं, तसा पर्याय तिथंच असतो. वेगळं खातं केलं की ज्याचा डेस्कटॉप त्याचा, ज्याचा कीबोर्ड त्याचा, ज्याचं ब्राउझर त्याचं. वरच्या यादीतल्या निम्म्या कटकटी एवढ्यानंच जातात. सॉफ्टवेअर टाकायचा अधिकार, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर खातं, एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा. तेही रोजच्या कामाला वापरू नका. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी एक साधं वेगळं खातं करा, म्हणजे फॉर्म भरायला आलेला पोरगा संस्थेच्या फायलींपर्यंत पोहोचणार नाही.

२) उठताना कुलूप. विंडोजचं बटण आणि एल, दोन्ही एकदम दाबा. पडदा बंद होतो आणि काम आत तसंच राहतं. दुसऱ्याला बसायचं असेल तर तो आपल्या खात्यानं बसेल, तुमचं काम मोडणार नाही. मात्र एक लक्षात ठेवा, उठण्याआधी सेव्ह करायचंच. दुसऱ्यानं कॉम्प्युटर बंद केला किंवा वीज गेली, तर न सेव्ह केलेलं जाणारच.

३) भाषा. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की कीबोर्डची भाषा बदलते, हे सगळ्यांना शिकवा. आणि नवीन सगळं काम युनिकोडमध्येच करायचं असं ठरवा. युनिकोडमधलं मराठी आणि हिंदी कुठल्याही कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर नीट दिसतं. कृतिदेवमधल्या जुन्या याद्या एकदा बदलून घ्या.

४) फाइलीचं नाव तारखेनं. वर्ष, महिना, दिवस, मग काम, मग करणाऱ्याचं नाव. उदाहरणार्थ "२०२५-०६-१० विमा यादी सुनीता". कॉम्प्युटरवर तारीख नेहमी एकाच तऱ्हेच्या आकड्यांत लिहा, म्हणजे फायली आपोआप क्रमानं लागतात. "फायनल" हा शब्द वापरायचाच नाही. ज्या तारखेची यादी वर पाठवली, तिची एक प्रत "पाठवलेले" नावाच्या फोल्डरमध्ये टाका आणि त्या प्रतीला पुन्हा हात लावू नका.

५) ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवू नका. बँकेचं किंवा सरकारी पोर्टलचं काम झालं की लॉगआउट करा. नुसतं वरचं फुलीचं बटण दाबलं म्हणजे बाहेर पडलो असं होत नाही. वॉट्सॲप उघडं राहिल्याची शंका असेल तर घरी बसूनही बंद करता येतं. मोबाइलवर वॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" उघडा आणि तिथून त्या कॉम्प्युटरला बाहेर काढा.

६) सभासदांचे कागद. आधार, पासबुक, फोटो हे सगळं "डाउनलोड्स"मध्ये साचत जातं आणि कोणालाही दिसतं. काम झालं की पुसा आणि रिसायकल बिनही रिकामं करा. जिथं पूर्ण आधार क्रमांक लागत नाही, तिथं मास्क्ड आधार घ्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

७) सही आणि पैसा. डिजिटल सहीचा डोंगल कॉम्प्युटरला लावून ठेवू नका, काम झालं की कपाटात. तो डोंगल म्हणजे पदाधिकाऱ्याची सही आहे. बँकेच्या ऑनलाइन व्यवहारात "एकानं भरायचं, दुसऱ्यानं मंजूर करायचं" अशी सोय असते. दोघांचे पासवर्ड एकाच डायरीत लिहिलेले असतील, तर ती दोन माणसं नावापुरतीच, काम एकाच माणसाचं. ओटीपीचा मोबाइल नंबर कोणाचा, आणि तो बाहेर असेल तर काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवा. ओटीपी फोनवर ओरडून सांगणं हा काही उपाय नव्हे.

८) आठवड्याला एक प्रत. शनिवारी सगळ्या फायलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क कपाटात ठेवा. ती कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवली, तर व्हायरस दोन्हीकडचं खाईल. आणि अजून विंडोज १० वापरत असाल तर जाणकाराला दाखवा. मायक्रोसॉफ्टनं त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आहे.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल दोन शब्द

टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही प्रत्येकाचं वेगळं नाव लावता येतं. नोंद कोणी केली आणि नंतर कोणी बदलली, याचा माग ठेवायची सोय त्यात आहे. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून असा माग ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे आणि तो माग बंदही करता येत नाही. हा नियम कंपन्यांसाठीचा आहे, पण चांगली सवय उचलायला कायद्याची वाट कशाला बघायची? ३१ मार्च झाल्यावर ऑडिटर येतात आणि "ही नोंद का बदलली?" असं विचारतात, तेव्हा उत्तर तयार असलेलं बरं.

कायद्याची दुसरी बाजूही माहीत असू द्या. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६-क मध्ये (इंग्रजीत सी) दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही अप्रामाणिकपणे वापरण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. मदत म्हणून कोणी दुसऱ्याच्या नावानं बसला तर तो लगेच गुन्हेगार ठरतो असं नाही. पण पुढे काही उलटसुलट झालं, तर मदत होती की लबाडी, हे त्यालाच पटवून द्यावं लागेल. त्या फंदात न पडलेलं बरं.

खुर्चीची पाळी

वेगळी खाती केली तरी खुर्ची एकच राहते. त्यासाठी वेळ वाटून घ्या. ज्या कामाला इंटरनेट आणि सरकारी पोर्टल लागतं, ते सकाळी. हिशेबाची नोंद दुपारी, मासळीच्या पावत्या हातात आल्यावर. छपाई शेवटच्या अर्ध्या तासात, सगळ्यांची एकदम. महिनाअखेर आणि मार्चअखेर हिशेबवाल्याचा हक्क पहिला, बाकीच्यांनी थांबायचं. हे कागदावर लिहून टेबलाच्या वर चिकटवा. तोंडी ठरवलेलं दोन आठवड्यांत विसरलं जातं.

शेजारी एक साधी वही ठेवा. कोण बसला, कधी, काय काम केलं, एका ओळीत. कॉम्प्युटर बंद पडला, काही बिघडलं किंवा पासवर्ड बदलला, तर तेही तिथंच लिहा. पासवर्ड मात्र लिहायचा नाही, फक्त बदलल्याची तारीख. कॉम्प्युटर असताना पुन्हा वही कशाला, असं वाटेल. पण वीज नसतानाही ती वाचता येते आणि अक्षर कोणाचं ते लगेच ओळखू येतं.

हे सगळं कधी करायचं? बंदीच्या दोन महिन्यांत. जाळी दुरुस्त करायची, नावेला डांबर लावायचं, तलावाच्या पट्ट्याचे कागद बघायचे, ही कामं आपण त्याच दिवसांत काढतो. त्यात ऑफिसच्या कॉम्प्युटरचे दोन दिवस धरा. पहिल्या दिवशी खाती आणि फोल्डर. दुसऱ्या दिवशी जुन्या याद्यांची सफाई आणि सभासदांच्या नावांची एकदा मोठ्यानं वाचून पडताळणी. ज्याचं नाव, खातं क्रमांक किंवा वारसाचं नाव चुकलं असेल, ते त्याच दिवशी, दुरुस्त करणाऱ्याच्या नावासह नीट करून घ्यायचं.

आणि संचालक मंडळाला एक विनंती. पुढच्या बैठकीत या विषयाचा एक छोटा ठराव घ्या: "संस्थेच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक कर्मचारी आपापल्या नावानंच काम करील." ठराव असला की टायपिंग करणाऱ्या मुलीला सचिवांनाही "दादा, तुमच्या नावानं बसा" असं सांगता येईल, आणि त्याचा कोणाला राग येणार नाही.

सभासद मंडळींनो, तुमच्याकडेही एक काम आहे. पुढच्या वेळी ऑफिसात नोंद करायला गेलात की नोंद झाल्यावर पडद्यावरचं आपलं नाव आणि खातं क्रमांक स्वतः वाचून बघा, आणि नोंद करणाऱ्याचं नाव विचारून घ्या. काट्यावर वजन बघितल्याशिवाय आपण हलत नाही, इथंही हलू नका.